नाक्यावरची पावती

आमच्या घरात जकात घेणारेही होते आणि देणारेही. वडिलांचे वडील, आप्पा, पुण्याच्या मुनसिपालटीत नाका कारकून. आईची आई सासवडकडची, अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागेतली. दिवाळीला दोघं आमच्या माडीवर एकत्र आली, की फराळाच्या ताटावरून हमखास खटका उडायचा. आम्ही पोरं त्याला ‘नाका लागला’ म्हणायचो.

मुनसिपालटी हा आप्पांचा शब्द. १५ फेब्रुवारी १९५० ला पुण्याची महानगरपालिका झाली, पण आप्पांच्या तोंडात ती शेवटपर्यंत मुनसिपालटीच राहिली. ‘महा’ म्हणायला जीभ वळत नाही, असं ते म्हणायचे. आजीला मुनसिपालटीचंही काही पडलेलं नव्हतं. तिच्या लेखी गाव म्हणजे दोन गोष्टी: नाका, जिथं पैसे जातात आणि मंडई, जिथं पैसे येतात. नगरपालिकेनं आपल्या गावच्या धंद्याला हात कसा द्यावा, यावर पुढं मी बरीच भाषणं ऐकली. पण त्यातलं काहीही या दोन म्हाताऱ्यांच्या भांडणाच्या पलीकडचं नव्हतं, असं मला आता वाटतं.

आजच्या मुलांना जकात नाका म्हणजे काय ते सांगावं लागतं. शहराच्या वेशीवर एक खोली, पुढं आडवा बांबू, आत टेबल, दौत आणि भलंमोठं रजिस्टर. शहरात खपायला किंवा विकायला येणाऱ्या मालावर पालिका कर घ्यायची, तो तिथं. माल नुसता शहरातून पुढं जाणार असला, तर वेगळा दाखला करायचा. गाडीवान खाली उतरून डोक्याचं मुंडासं सारखं करत कारकुनापुढं उभा राहायचा. आप्पांच्या हातात एक टोकदार लोखंडी सळई असायची. ती कडब्यात, पेंढ्यात खुपसायची. आत डबा असला तर ‘टण्’ वाजतो, पोतं असलं तर सळई रुतते. आवाजावरून माल ओळखण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, हा आप्पांचा अभिमान. (घरी आजारी माणसाच्या पाठीवर टिचकी मारून ते तशीच निदानं करायचे. ती बहुधा चुकायची.)

माझ्या आईवडिलांचं लग्न या सळईमुळं झालं. ही गोष्ट मी आप्पा आणि आजी, दोघांकडूनही ऐकली आहे आणि दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे, १९५१ च्या सुमाराला थंडीतल्या एका पहाटे सासवडची गाडी नाक्यावर आली. कुणाच्या तरी लग्नासाठी दोन डबे तूप होतं, ते गाडीवानानं सांगितलं. आप्पांनी पावती फाडली, बांबू वर झाला, गाडी दहा पावलं पुढं गेली आणि थांबली. गाडीवान परत आला आणि म्हणाला, “रावसाहेब, तिसरा डबा राहिला. पेंढ्याखाली होता, मीच विसरलो.” आप्पांची सळई त्या दिवशी त्या डब्याला लागली नव्हती. आपण होऊन जकात भरायला परत आलेला माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिला. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, घरची विचारपूस केली. मुलगी लग्नाची आहे हे कळलं.

आजीची गोष्ट निराळी. ती त्या गाडीत गाडीवानाशेजारी, म्हणजे आपल्या नवऱ्याशेजारी बसली होती. “विसरले कुठले! चांगले आठवत होते. मीच कोपराने ढोसलं, म्हटलं, सांगा की, उद्या परत याच नाक्यावरनं यायचंय.” तिसऱ्या डब्याची जकात किती झाली, यावरही एकमत नव्हतं. आप्पा सव्वा रुपया म्हणायचे, आजी चौदा आणे. पावती मात्र होती. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, पिवळी पडलेली. लहानपणी मी ती पाहिल्याचं मला आठवतं. आकडा वाचल्याचं आठवत नाही.

गाडीचा प्रवास आजीच्या तोंडून ऐकावा. सासवडहून पुणं वीस मैलांच्या आतबाहेर. जेवणखाण उरकून रात्री निघायचं, दिवे घाट अंधारात उतरायचा. आसाखाली कंदील टांगलेला, त्याच्या उजेडात बैलांच्या पायांच्या सावल्या कड्यावर नाचायच्या. उतारावर मागं ओंडका बांधून गाडीला ओढ द्यायची, नाहीतर जू बैलांच्या मानेवर चढतं. अंजीर असतील तर गाडी हळू. खट्टा बहार थंडीतला, मीठा बहार उन्हाळ्यातला. मीठ्या बहाराचं अंजीर इतकं नाजूक, की पाटीत खाली पानं, मध्ये पानं, वर पानं घालून बाळंतिणीसारखं न्यावं लागायचं. वाटाण्याच्या दिवसांत काळजी नसायची. हडपसरला तांबडं फुटायचं. तिथं थांबून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. आजी म्हणायची, त्या भाकरीची चव घरात कधी आली नाही. मी एकदा मुद्दाम पहाटे उठून बाल्कनीत ठेचा-भाकरी खाऊन पाहिली. नाही आली.

आणि मग मंडई. पुण्याच्या मंडईला आजी ‘मोठं देऊळ’ म्हणायची. ते काही खोटं नाही. दगडी बांधकाम, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेली दालनं. ही इमारत नगरपालिकेनं बांधली. १८८६ साली ती सुरू झाली आणि त्या वेळच्या गव्हर्नराच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. त्याआधी पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरायची. ऊन आलं की उन्हात, पाऊस आला की चिखलात. आजीच्या सासूची सासू त्या पटांगणात बसलेली होती म्हणे. नवी मंडई झाली तेव्हा तिथं जायला ती तयारच नव्हती. छपराखाली भाजी विकली तर गिऱ्हाइकाला पाला सुकलेला दिसत नाही, मग ते दुप्पट घासाघीस करतं, असं तिचं म्हणणं. मला हे शहाणपण अजून उलगडलेलं नाही, पण घरात ते मोठ्या आदरानं सांगितलं जाई. शेवटी ती गेली. पहिल्याच पावसात तिची मेथी कोरडी राहिली आणि पुढं तिनं मंडईची निंदा केली नाही.

मला त्या इमारतीतली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे खाली भाजी आणि वर नगरपालिकेची कचेरी. सभासद जिना चढायचे ते कोथिंबिरीच्या, ओल्या मातीच्या आणि सडक्या कोबीच्या वासातून. खाली गटार तुंबलं तर वर नाकाला रुमाल. आप्पा म्हणायचे, “त्या वेळी गाऱ्हाणं करायला अर्ज लागत नसे, वास पुरायचा.” कारभार बाजाराच्या डोक्यावरच बसलेला असला, की बाजाराचं दुखणं कळायला अहवालाची वाट पाहावी लागत नाही. कचेरी पुढं नदीपलीकडं मोठ्या इमारतीत गेली. तिथं वास जात नाही.

मंडईचं पुढचं नाव आजीच्या फार जिव्हाळ्याचं. आचार्य अत्रे मूळचे सासवडकडचे. १९३८ साली ते पुण्याच्या नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या खटपटीनं रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली, भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं. “आमच्या कऱ्हेकाठच्या माणसानं नाव दिलंय,” असं आजी ओट्यावरच्या माळणींना इतक्यांदा ऐकवायची, की त्या तिला ‘अत्रेबाई’ म्हणू लागल्या. आजीला त्याचा राग यायचा नाही.

पण यातली गंमत आप्पांनी मला पुष्कळ उशिरा सांगितली. जोतीराव फुले स्वतः १८७६ ते १८८२ नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. गावात दारूची दुकानं वाढतात म्हणूनही त्यांनी पालिकेला खडसावलं. व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचा होता, त्याच्या स्वागताच्या थाटावर पालिकेनं हजार रुपये खर्चायचं ठरवलं, तेव्हाही विरोधात हात वर झाला तो एकट्या जोतीरावांचा. ज्या इमारतीला त्यांनी नाही म्हटलं, तिच्यावर आज त्यांचंच नाव. आणि हा माणूस बाजाराला अनोळखी नव्हता. घराणं फुलांच्या धंद्यातलं, स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतलेली, मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती केलेली. पालिकेचा रुपया कुणाच्या खिशातून येतो आणि कुणाच्या अंगणात पडतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आप्पा आणि आजी या मुद्द्यावरही भांडायचे. आप्पा जोतीरावांच्या बाजूचे: आधी शाळा. आजी, जिला अक्षर ओळखता येत नव्हतं, ती मंडईच्या बाजूची. “शाळा पायजेच. पण माझ्या पोरीच्या शाळेची फी मी मेथी विकून भरली. मेथी चिखलात गेली असती तर?” माझं मत विचाराल तर मी आजीकडे झुकतो. मात्र स्वागताच्या हजार रुपयांपाशी आलो, की मी पुरता जोतीरावांचा होतो. कमानी, फटाके, पाहुण्यांचे सत्कार यांनी कुठल्याही गावचा धंदा वाढलेला मी पाहिला नाही.

आता आजीचं गाऱ्हाणं. ते मंडईचं नाही, बाजाराचंच आहे, आणि तिनं ते कोणत्या गावच्या बाजारात भोगलं ते मी सांगत नाही. अशा कित्येक बाजारांत ती बसली. “पहाटे तीनला घर सोडायचं आणि संध्याकाळपर्यंत बाईमाणसाला जायला जागा नाही. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. सगळ्या बाया. उन्हाळ्यात ओठ फुटायचे, पण पाणी प्यायचो नाही.” हे ती शेव-चिवडा खाता खाता इतकं सहज सांगायची, की लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं मोठेपणी एका नगरपालिकेच्या बाजाराचा ‘विकास आराखडा’ पाहायला मिळाला. कारंजं होतं, बाग होती, स्वागतकमान होती. मी शोधत होतो ती खोली नकाशात नव्हती. तिथल्या साहेबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ती ‘दुसऱ्या टप्प्यात’ आहे. आजी जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

तिची मागणी ती बोटांवर मोजून दाखवायची. डोक्यावर छप्पर. पाण्याचा नळ, माणसांना आणि बैलांना. बायांची सोय. रात्री गाडी सोडली तर दिवा. भाड्याची पावती, म्हणजे उद्या कुणी उठवायला आलं तर दाखवता येईल. पावतीवर तिचा फार विश्वास होता. ज्याच्या हातात पावती आहे त्याला हुसकता येत नाही, अशी तिची समजूत. एवढी पाच बोटं झाली की हात मिटून म्हणायची, “बाकीचं आमचं आम्ही बघतो.” अडत्याची दलाली, रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव, ज्याला हत्ता म्हणत, पासंग मारलेला तराजू, यांच्याशी लढायला ती समर्थ होती. रुमालाखाली तिचा हात कुणी नीट धरला नाही, तर ती चारचौघांत रुमालच ओढून काढायची. पुढं कायद्यानं हत्ता बंद केला. आजीनं तो बऱ्याच आधी बंद केला होता, निदान स्वतःपुरता.

आप्पांची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्या मते नाका म्हणजे गावाची नाडी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रजिस्टरची पानं भराभर संपायची. गूळ, तूप, कापड, भांडी, फटाके. दुष्काळाच्या वर्षी शाई वाळून जायची. कोणत्या पेठेत घरं बांधतायत हे त्यांना लाकडाच्या गाड्यांवरून कळायचं. “गावात चार पैसे खेळले तरच मुनसिपालटीच्या पेटीत पडतात. म्हणून मुनसिपालटीला गावच्या धंद्याची काळजी. नवऱ्याच्या पगारावर घर चालतं तेव्हा बायको त्याला पथ्याचं करून घालतेच की.” आजीला ही उपमा आवडायची नाही. ती म्हणायची, “पथ्य कसलं, तुम्ही त्याचं ताटच काढून घेता.”

आजीचंही खरंच होतं. नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या. दूध नासायचं, टोमॅटो पाणी सोडायचे. हात ओले केले की बांबू लवकर वर व्हायचा. कुठल्या नाक्यावर, ते विचारू नका. सगळे कारकून सळईच्या आवाजावर भागवणारे नव्हते. आप्पा त्या विषयावर बोलायचे नाहीत, फक्त पानाचा डबा पुढं ओढायचे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हाची एक आठवण मात्र दोघं न भांडता सांगायची. आसपासच्या गावांतून पुण्यात भाकऱ्यांच्या टोपल्या येत होत्या. सासवडहून आजीनं रात्रभर जागून थापलेल्या भाकऱ्यांची टोपली पाठवली, वर ठेच्याचा द्रोण. आप्पा म्हणायचे, “आमच्या दरपत्रकात सगळं होतं, पण भाकरी नव्हती. भाकरीवर जकात नव्हती.” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. आजी तेव्हा गप्प बसायची आणि त्यांच्या ताटात एक अनारसा जास्त घालायची.

दोघंही आता नाहीत, आणि नाकाही नाही. १९९९ साली महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात उठली. पुण्यात ती २०१३ च्या मार्चअखेरपर्यंत चालली. मग तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, दोन वर्षांत तोही बहुतेकांच्या डोक्यावरून उतरला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. नाका गेला याचं मला दुःख नाही. आजीच्या भाषेत सांगायचं तर, वाट मोकळी झाली. पण आप्पांची नाडीही त्याबरोबर गेली. आता पालिकेला भरपाईचं अनुदान वरून येतं. गावात चार पैसे खेळले काय, न खेळले काय, अनुदानाचा हप्ता मुंबईहून निघतो. मग गावच्या बाजारापेक्षा मुंबईच्या फेऱ्या मोलाच्या होतात. हे बरं नाही झालं.

माझा मामेभाऊ आता तीच बाग करतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद त्यानं देवघरात गणपतीशेजारी लावलाय. टेम्पो दिवे घाट बघता बघता उतरतो, घाऊक माल कधीच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायला लागलाय. ओंडका बांधायचा असतो, हे त्याच्या मुलाला माहीतही नाही.

आणि आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. तिच्याकडं पालिकेनं दिलेलं फेरीवाल्याचं ओळखपत्र आहे. २०१४ च्या कायद्यानं अशा विक्रेत्यांना संरक्षण दिलं, शहरोशहरी त्यांच्या समित्या करायला सांगितलं. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची योजना आली, पालिकेच्या शिफारशीवर तिलाही ते मिळालं. तिनं हातगाडी घेतली. आधीच्या गावी, नाव सांगत नाही, तिची गाडी अतिक्रमणवाल्यांनी उचलून नेली होती, तराजूसकट. एका हातानं भांडवल आणि दुसऱ्या हातानं ट्रक. ओळखपत्र ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पदराच्या गाठीजवळ ठेवते. ते पाहिलं की मला ट्रंकेतली पावती आठवते. कोथिंबीर घेतली की ती वर दोन मिरच्या टाकते, न मागता.

गेल्या महिन्यात मी मेट्रोनं मंडईला गेलो. जमिनीखालचं स्टेशन, सरकते जिने, गारवा. वर आलो तर समोर तोच अष्टकोनी मनोरा आणि दगडी भिंती. आत फिरलो. एका म्हातारीनं भवानी व्हायची आहे म्हणून थांबवलं. तिच्याकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. गरज नव्हती, घरी मेथी होती.

तुमच्या गावातही एखादी मंडई असेल, आठवडे बाजार असेल, रस्त्याकडेला बसणाऱ्या चार बायका असतील. पुढच्या खेपेला भाव करून झाला, की इकडंतिकडं बघा: नळाला पाणी आहे का, रात्री दिवा लागतो का, बायांची सोय आहे का, तिला कुलूप तर नाही ना. नसेल तर पालिकेत एक अर्ज टाका आणि पोच घ्या. आजीला लिहिता येत नव्हतं.